शिटीच्या आधी

कुकरची शिटी थरथरायला लागली तसा तानीबाईनं हात लांब करून गॅस बंद केला. शिटी जागच्या जागी दोनदा फुसफुसली आणि गप्प बसली.

“अशानं डाळ शिजंल का?” उपासनानं दारात चपला काढता काढता विचारलं.

“तीनदा लावीन. तुला काय घाई हाय?”

उपासना घाईतच आली होती. बेळगावला कॉलेजात तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, संकेश्वरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं बस रखडली, आणि निपाणीच्या स्टँडवरून ती चालत आली ती घामेजूनच. तरी आईचा थाट बघून ती उंबऱ्यात थांबली. तानीबाई पांढरी साडी नेसली होती. चौदा एप्रिलला नेसायची, पेटीतली, घडी घालून जपलेली.

“आई, डॉक्टर हाय ती. कोण बघायला न्हाय येत.”

“माझ्या पोराबद्दल इचारनार हाय न्हवं? मग बघायला आल्यागतच की.”

आतल्या खोलीचं दार बंद होतं. दारावर अमरदीपच्या हातचा कागद चिकटवलेला: काम कधी, जेवण कधी, चालायला कधी. जेवण एक वाजून दहा मिनिटांनी. भाकरी वेगळ्या ताटलीत, कारण आमटीचा ओघळ भाकरीला लागला की तो उठून जायचा. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण त्या कागदापुढं तानीबाईचं काही चालत नसे. चालत नसे म्हणण्यापेक्षा तिला तो कागद आवडायचा. घरात एक तरी माणूस वेळेवर होता. तिचा नवरा देवाप्पा, तंबाखूच्या वखारीतला हमाल, उभ्या जन्मात कधी सांगितल्या वेळेला घरी आला नाही आणि गेला तोही अवेळीच.

खोलीच्या चारी भिंतींना वाकळा टांगलेल्या होत्या. भिंती आवाज परत फेकतात, एवढंच अमरदीप म्हणाला होता. तानीबाईनं तीन महिने सुई चालवून जुन्या साड्यांच्या सात वाकळा शिवून दिल्या. आयर्लंडात एका संस्थेकडं साठ-सत्तर वर्षांपूर्वीची रेडिओवरची बोलणी पडून होती. तिकडचे म्हातारे शेतकरी, कोळी, विणकर त्यात आपापल्या गोष्टी सांगत. त्यातली खरखर, खोकला, खुर्चीची करकर अमरदीप एकेक करून काढायचा आणि माणसाचा आवाज तेवढा ठेवायचा. शेजारणींनी विचारलं तर तानीबाई सांगायची, पोरगा रेडिओ धुतो.

आठ वर्षं त्यानं तिकडं नोकरी केली. मग ती सोडून या संस्थेचं घरबसल्या करायचं काम धरलं. तेव्हापासून ऑक्टोबर ते मार्च निपाणी आणि एप्रिल ते सप्टेंबर आयर्लंड, असं त्याचं चाललेलं. बाकीच्यांची पोरं परदेशात गेली की फोटोत दिसतात. तिचा अर्धं वर्ष समोर बसून जेवत होता, आणि या गोष्टीचा तिला जेवढा तोरा होता तेवढा त्याच्या इंग्रजीचा नव्हता.

गल्लीत तसंही बोललं जायचं, तानीबाईला गर्व लई. ती कुणाच्या लग्नात जेवायला थांबत नसे. मंगल परिणय लागला की बँड सुरू व्हायच्या आत ती घरी. कुणी हात धरून बसवायला गेलं तर हात झटकायची. ज्यानं त्यानं आपल्या घरात जेवावं, असं तिचं म्हणणं, आणि तिच्या म्हणण्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

आता त्या संस्थेनं नवा नियम काढला होता. एप्रिलपासून सगळ्यांनी वर्षभर तिथं ऑफिसात येऊन बसायचं. एक मोठं दालन, चाळीस माणसं, चाळीस फोन. डॉक्टरचं पत्र असेल त्यालाच सूट; त्यानं कुठंही बसून काम करावं, निपाणीत सुद्धा. अमरदीपनं आईला हे सगळं बोटांवर मोजत समजावलं होतं. त्याला ऑटिझम आहे, हा रोग नव्हे, जन्मापासूनची घडण आहे, हे त्याचं त्याला तीन वर्षांपूर्वी उमगलं होतं. पण मोठ्या माणसाच्या बाबतीत डॉक्टर एकट्याच्या शब्दावर लिहून देत नाहीत. लहानपण पाहिलेलं कुणीतरी लागतं.

“माझं लहानपण तुझ्याकडं आहे,” तो म्हणाला होता. “ते तू सांगायचं.”

तो असंच बोलायचा, बातम्या दिल्यासारखं. लहानपणी तो रेडिओला कान लावून बसायचा आणि तिथूनच त्यानं भाषा उचलली. गल्लीतली पोरं त्याला आकाशवाणी म्हणायची.

तीन वाजता त्यानं बाहेरच्या खोलीत लॅपटॉप स्टुलावर ठेवला, खुर्ची कुठं हवी तिथं खडूनं खूण केली आणि तो तवंदीच्या रस्त्यानं चालायला गेला. तो खोलीत नको, असं डॉक्टरिणीनंच सांगितलं होतं. साडेतीनला पडद्यावर आयर्लंडातली ती डॉक्टरीण आली, पिकल्या केसांची बाई. तिनं हसून काहीतरी म्हटलं. उपासनानं सांगितलं, ती म्हणते, वेळ दिल्याबद्दल आभार.

तानीबाईनं पदर सारखा केला आणि सुरुवात केली.

पोरगं बोलायला कधी लागलं? दहाव्या महिन्यात. आधी आई म्हणालं, मग बाबा. चाललं कधी? वर्षाच्या आत. खेळायला सवंगडी होते का? घर भरलेलं असायचं, पोरांना पाणी देता देता हात दुखायचे. एखादी गोष्ट मनासारखी झाली नाही तर काय करायचा? काय करणार, गुणाचं पोरगं, दिलं ते खाल्लं, घातलं ते ल्यालं. आवाजाचा त्रास? कुणाच्या वरातीत नाचायला सगळ्यात पुढं.

नाचण्याचं सांगताना उपासनानं आईकडं पाहिलं. तानीबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की उपासनानं मान खाली घालून ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं.

आता यात तानीबाईचं काय चुकलं? या मुलखात पोरापोरींची चौकशी आली की उत्तर द्यायची एक रीत आहे. उपासनाला बघायला संकेश्वरचे पाहुणे आले तेव्हा पोरगी पन्नास माणसांच्या पोळ्या एकटी लाटते, असं तानीबाईनंच सांगितलं होतं. पोरीला तेव्हा चहासुद्धा धड येत नव्हता. पाहुण्यांनीही माना डोलवल्या आणि मनातल्या मनात अर्ध्या पोळ्या सोडून दिल्या. सांगणारा वाढवून सांगतो, ऐकणारा कमी करून ऐकतो, आणि शेवटी बरोबर तेवढंच उरतं.

डॉक्टरिणीला ही रीत ठाऊक नव्हती. तिनं सगळंच्या सगळं लिहून घेतलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. अमरदीप जेवण उरकून, हात पुसून, फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि त्यानं ते मराठीत वाचून दाखवलं. आईनं दिलेल्या माहितीनुसार बालपण सर्व बाबतींत सामान्य होतं. त्यामुळं निदान करता येत नाही आणि पत्र देता येत नाही. कळावे.

तानीबाई तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

“आई, मी दहाव्या महिन्यात बोलायला लागलो?”

“लागला असशील. कोन लिहून ठेवतंय?”

“मी चार वर्षं दोन महिन्यांचा होतो. हे तूच मला सांगितलंयस. अकरा वेळा.”

“मग काय सांगायचं हुतं? पोरगं मुकं हुतं म्हनून? गल्लीनं नाव ठेवलं हुतं म्हनून? परक्या बाईला?”

“हो,” अमरदीप म्हणाला.

तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसाला दोन शब्द जास्त सुनावून गार करता येतं. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिच्यापुढं जमिनीवर ठेवलं. एप्रिलपासून पुढची सगळी पानं त्यानं बोटानं दाखवली. पूर्ण वर्ष तिथं. सुट्टी वीस दिवस. त्यातले चार येण्याजाण्यात. म्हणजे सोळा.

“मग नगं जाऊस. हितंच ऱ्हा की. तुझ्या बापाचं घर हाय.”

“इथं राहिलो तर हे काम राहणार नाही. दुसरं मला जमत नाही, मी करून पाहिलंय.” त्यानं कॅलेंडरची पानं सारखी केली. “आणि इथं पूर्ण वर्ष मला झेपणार नाही. तिथंही झेपत नाही.”

“घर कसं झेपत न्हाय रं? घर काय ओझं हाय व्हय?”

त्यानं विचार केला. प्रश्न आला की तो खरोखरच उत्तर शोधायचा, म्हणून त्याला वेळ लागायचा. मग त्यानं सांगितलं. तिथं लिफ्टमध्ये कुणी भेटलं की हसायचं असतं, हवेबद्दल बोलायचं असतं, किती वेळ डोळ्यांत बघायचं तेही मनात मोजायचं असतं. इथं कुणी आलं की कामातून उठून बाहेर यायचं, नको असताना आणखी एक भाकरी घ्यायची, लग्न कधी म्हणून विचारलं की लाजायचं. सहा महिने तिथल्यासारखं वागून तो दमतो, मग इथं येतो. सहा महिने इथल्यासारखं वागून दमतो, मग तिथं जातो. जाणंयेणं आहे म्हणून निभतं.

“मग बरं कुठं वाटतंय तुला?”

“विमानात,” तो म्हणाला. “कानाला हेडफोन लावला की कोणी काही विचारत नाही. कोणी बघतसुद्धा नाही. दोन विमानं मिळून तेरा तास.”

बसचं वेळापत्रक सांगावं तसं त्यानं ते सांगितलं आणि दोन वाजले म्हणून खोलीत गेला. तानीबाई तशीच बसून राहिली. छत्तीस वर्षं जपलेलं घर एका पारड्यात आणि आभाळातली खुर्ची दुसऱ्या. तिनं तांदळातला एक खडा उचलला आणि परत तांदळातच टाकला.

दुसऱ्या दिवशी अमरदीपनं भिंतींवरच्या वाकळा उतरवल्या. तो असणार नाही, तर त्या टांगून धूळ कशाला खायला ठेवायच्या, असा त्याचा हिशेबी विचार. त्यानं त्या परसातल्या दोरीवर उन्हात टाकल्या. सातही, कडेला कड लावून. पिवळी तिची, जांभळी तिच्या जावेची, मधली हिरवी देवाप्पाच्या आईची.

पलीकडच्या घरातली अक्काताई कुंपणावरून डोकावली. एके काळी दोघी एका कारखान्यात मांडीला मांडी लावून विड्या वळायला बसायच्या.

“तानाक्का, वाकळा काढल्यास? पोरगं चाललं व्हय?”

“ढेकनं झाल्यात,” तानीबाई म्हणाली.

“एवढ्या थंडीत?”

“माझ्या घरातली ढेकनं हायत. तुला इचारून हुत्यात व्हय?”

अक्काताई हसत आत गेली. तानीबाईनं माळ्यावरचं सूप काढलं. गुडघे दुखायला लागल्यापासून कारखाना सुटला होता, पण आठवड्याला चार-दोन पुडे पानं ती अजून घरी आणायची. हात रिकामे राहिले की तिला अंगावरून मुंग्या चालल्यासारखं होई. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. ती उन्हात बसली आणि हात चालू झाले.

पान, चिमूट, वळ, दुमड, दोरा. पान, चिमूट.

अमरदीप या सुपाखालीच वाढला होता. कारखान्याच्या पत्र्याच्या शेडात साठ बायका बसायच्या आणि तो आईच्या गुडघ्याशी. बाकीची पोरं दंगा करायची; हा फेकलेली पानं गोळा करून लहानमोठी ओळीनं लावत बसायचा. एखाद्या पोरानं ओळ मोडली की जमिनीवर डोकं आपटायचा. हाक मारली तर बघायचा नाही. बायका म्हणायच्या, मुकं हाय, नवस बोल. तानीबाई म्हणायची, नवस आमच्यात बोलत न्हाईत, आणि तुमचं तोंड चालतंय तेवढं बास हाय. घरी येऊन मात्र ती रात्री त्याच्या ओठांवर बोट फिरवून बघायची.

आणि तो बोलला तो दिवस. चेकर आला होता. वळलेल्या विड्या तो मुठीत धरून बघायचा आणि वाईट वाटतील त्या छाट म्हणून बाजूला फेकायचा. छाटीची मजुरी नाही. त्या दिवशी त्यानं तिच्या विड्यांतून अख्खी मूठ बाजूला टाकली, कारण आदल्या दिवशी ती त्याला उलटून बोलली होती. तानीबाई उठायच्या आत ते पोरगं उठलं. चार वर्षं दोन महिन्यांचं. त्यानं त्या ढिगातली एक विडी उचलली, पान कसं वाजतंय ते ऐकायला कानाशी नेऊन बोटांत फिरवली आणि चेकरपुढं धरली.

आठवून तानीबाईचे हात थांबले. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन फोन आणला आणि उपासनाला लावला.

“त्या बाईला लिही, म्हातारी खोटं बोलली.”

पलीकडं कॉलेजातली घंटा वाजत होती. ती वाजून संपल्यावर उपासनानं विचारलं.

“असंच लिहू?”

“असंच. आणि म्हातारी नगं, नाव लिही. तानीबाई देवाप्पा खोटं बोलली. का बोलली त्ये ती सांगनार हाय म्हनावं, अर्धा तास दे.”

डॉक्टरीण तयार झाली, पण पंधरा दिवसांनी. मधल्या दिवसांत अमरदीपनं विमानाचं तिकीट बघून ठेवलं. वाकळा घडी करून कपाटात गेल्या. उघड्या भिंतींच्या खोलीत तो दुप्पट वेळ हेडफोन लावून बसायचा, आणि संध्याकाळी कान लाल झालेले असायचे.

या वेळी तानीबाई घरातल्या साडीवरच बसली. खडूची खूण अमरदीपनं नव्यानं काढून दिली होती. तो चालायला गेला तसं तिनं सूप मांडीवर घेतलं.

“आई, विड्या कशाला आता?”

“हात मोकळं असलं की तोंड खोटं बोलतंय.”

डॉक्टरीण पडद्यावर आली. ती पुन्हा हसली. तानीबाई हसली नाही. तिनं सांगायला सुरुवात केली ती थेट शेडापासून. पानांच्या ओळी, डोकं आपटणं, एकाच रंगाचा सदरा तीन वर्षं, तो फाटला तेव्हा दोन दिवस न जेवणं. शाळेत बाईंनी डोक्यावरून हात फिरवला म्हणून पळून आलेला. बाई म्हणाल्या, पोरगं येडं हाय. तानीबाईनं त्यांना काय म्हटलं ते उपासनानं इंग्रजीत सांगितलं नाही.

“बोलला कवा त्ये सांग तिला,” तानीबाई म्हणाली. “चेकरनं माझ्या इड्या छाटीत टाकल्या. ह्यानं एक उचलली आनि म्हनाला, ही छाट न्हाय. दुसरी उचलली, म्हनाला, ही बी न्हाय. मी रडाय लागले. आनि मग तिसरी उचलली, कानाला लावली, आनि म्हनाला, ही हाय.”

उपासनानं सांगितलं. पडद्यावरची बाई लिहिता लिहिता थांबली आणि मोठ्यानं हसली. या वेळी तानीबाईच्याही तोंडाची एक बाजू हलली.

“त्या दिशीपास्नं तो खोटं बोलल्याला न्हाय. मला बी सोडत न्हाय. मी बोलले त्ये त्याचं नाव ऱ्हावं म्हनून. तुमच्याकडं खरं बोललं तर काम हुतंय, ह्ये मला ठावं न्हवतं.”

मग एकेक प्रश्न आले. बसल्या जागी मागंपुढं डोलायचा का? डोलायचा की, अजून डोलतो, अंग असं करतो. दाखवायला म्हणून तानीबाई डोलली. उपासना तिच्याकडं बघत होती. आई दाखवून झाल्यावरही थांबली नव्हती. मुळात दाखवायच्या आधीही ती थांबलेली नव्हती; पान, चिमूट, वळ, दुमड, प्रत्येक विडीगणिक पाठ पुढं आणि मागं, गेली चाळीस वर्षं.

कुठल्या आवाजाचा त्रास व्हायचा?

“वखारीचा भोंगा. तो व्हायच्या आधीच मी ह्याचं कान दाबून धरायची.”

आधी कसं कळायचं?

“भोंग्याच्या आधी तार कुरकुरती की. ऐकू येतंय.”

डॉक्टरिणीनं काहीतरी विचारलं. उपासनानं तिला उत्तर दिलं आणि मग आईला सांगितलं, “ती म्हणते, सगळ्यांना येतं का. मी सांगितलं, मला न्हाय यायचं.”

“तुझं ध्यान कुठं असतंय,” तानीबाई म्हणाली. “कुकरचं बी तसंच. शिटीच्या आधी तिचा बारीक आवाज निघतो, दातात दोरा वढल्यागत. तवाच मी बंद करते. त्याला सोसत न्हाय.”

डॉक्टरिणीनं पेन खाली ठेवलं. तिचा पुढचा प्रश्न छोटा होता, आणि तो सांगताना उपासनाचा आवाज जरा खाली आला. अमरदीप सहा महिने तिकडं असतो. तेव्हा कुकरची शिटी होऊ देतेस का?

पान, चिमूट. तानीबाईच्या बोटांत विडी अर्धी वळून राहिली. परड्यात एक कावळा ओरडून गेला. कुकर घेतला तेव्हा अमरदीप आयर्लंडात होता. उपासनाच्या पहिल्या पगाराचा कुकर तो. दुकानदारानं दोन शिट्या करा म्हणून सांगितलं होतं. या घरात त्याची एकही शिटी कधी झाली नव्हती.

“न्हाय,” ती म्हणाली.

मग डॉक्टरीण आणखी काही बोलली. हळू, बराच वेळ. उपासनानं ते ऐकून घेतलं, पण ती आईकडं वळली नाही.

“काय म्हनाली?”

“पत्र देते म्हणाली. दोन आठवड्यांत. आता पुरेसं झालं.”

“त्ये न्हवं. त्याच्या फुडं.”

उपासनानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुझ्याबद्दल विचारत होती. तू लहानपणी कशी होतीस म्हणून. सांगायची जबरदस्ती न्हाय म्हणाली.”

तानीबाईनं हातातली विडी पूर्ण वळली. दोरा गुंडाळला, तोडला आणि ती कानाजवळ नेऊन बोटांत फिरवली. लग्नातली गर्दी, हाताला धरणारे हात, बँड सुरू व्हायच्या आत धरलेली घरची वाट; आणि मागून येणारं एकच वाक्य, तानीला गर्व लई. तिची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. मोठी बहीण त्याच्या आधी गेली. माहेरच्या घराच्या जागी आता पेट्रोल पंप होता.

“तिला सांग,” ती म्हणाली, “माझं सांगनारं कोन ऱ्हायलं न्हाय.”

पाच वाजून दहा मिनिटांनी अमरदीप परतला. उपासना बससाठी निघून गेली होती. त्यानं चपला जोडीनं ठेवल्या, आईच्या तोंडाकडं न बघता विचारलं, काय झालं, आणि तिनं सांगितलं, पत्र येतंय. त्यानं मान हलवली. मग कपाट उघडून त्यानं वाकळा काढल्या आणि पूर्वी होत्या त्याच क्रमानं एकेक भिंतीला टांगल्या. पिवळी, जांभळी, मध्ये हिरवी. सातवी टांगून झाली तशी खोली कापूस भरल्यासारखी बंद झाली. रस्त्यावरच्या गाड्या, अक्काताईचा टीव्ही, सगळं लांब गेलं.

तानीबाई दारात उभी होती. एरवी ती या खोलीत पाऊल टाकत नसे. कागदावर तशी वेळ नव्हती. आज ती आत आली आणि कॉटच्या कडेला बसली. अमरदीपनं तिच्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि आपल्या खुर्चीत बसला. दोघंही भिंतीकडं तोंड करून, जरा वेळ, मागंपुढं.

“अमर.”

“हं.”

“त्या इमानात,” तानीबाई म्हणाली, “किती तास म्हनलास?”

“तेरा.”

“आनि कोन काय इचारत न्हाय?”

“जेवण हवं का, एवढंच. नको म्हटलं की जातात.”

तिनं हिरव्या वाकळेवरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, एका ओळीत, शेवटपर्यंत.